झाडांच्या सावलीतील जमिनीसाठी बहुवर्षायू आच्छादन

घराच्या परसात, शाळेच्या आवारात किंवा वाडीत जुन्या आम्रवृक्षाखाली बहुधा उघडी व टणक जमीन दृष्टीस पडते. तेथे हिरवळ असावी म्हणून पुष्कळ जण हरळी लावतात. परंतु हरळीला भरपूर ऊन लागत असल्याने ती लवकरच विरळ होऊन नाहीशी होते. उघडी राहिलेली माती पावसाळ्यात धुपते. कोकणात तर चार महिन्यांत २,५०० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. पानांवरून ओघळणारे मोठे थेंब मातीचे कण उडवितात, ते उताराने वाहून जातात व काही वर्षांत मुळे उघडी पडतात. मग मुळांवर मातीची जाड भर घातली जाते किंवा बुंध्याभोवती सिमेंटचा पार बांधला जातो. त्यामुळे मुळांना हवा मिळेनाशी होते व झाड खंगू लागते.

सावलीत टिकणाऱ्या बहुवर्षायू वनस्पतींनी जमीन झाकणे हा यावरील स्वस्त व टिकाऊ उपाय होय. मात्र त्यांची निवड केवळ पानाफुलांच्या रंगावरून करू नये. वरच्या झाडाची गरज प्रथम पाहावी आणि तिच्याशी जुळेल अशीच वनस्पती खाली लावावी.

सावलीची परीक्षा

नारळ व शेवगा यांची सावली विरळ असते. आंबा, फणस व वड यांची दाट. झाडांची अन्नपाणी शोषणारी पुष्कळशी मुळे जमिनीच्या वरच्या थरातच असतात. म्हणून दाट सावलीत गारवा वाटला, तरी पावसाळ्यानंतर तेथील ओल लवकर आटते. इमारतीच्या सावलीत अशी मुळांची स्पर्धा नसते. दिवाळीनंतर वीतभर खोल माती उकरून पाहावी. ती कोरडी भुरभुरीत लागल्यास ओलीची आवड असणाऱ्या वनस्पती तेथे लावू नयेत.

वनस्पतींची निवड

विरळ सावली व कायम ओल असल्यास कारिवणा, म्हणजेच मंडूकपर्णी, उत्तम. तिच्या धावत्या खोडाला पेऱ्यापेऱ्यांवर मुळे फुटतात आणि माती घट्ट धरली जाते. नारळाच्या वाडीत पाण्याची सोय असेल तर पिंपळीचा वेलही लावता येतो. त्यापासून औषधी फळे मिळतात. दाट व ओलसर सावलीत नेचे चांगले वाढतात. कोरड्या सावलीत क्लोरोफायटम अधिक तग धरते, कारण त्याच्या जाड मुळांत पाणी साठविलेले असते.

फळणाऱ्या आंब्याखाली विशेष विचार करावा लागतो. मोहोर चांगला यावा यासाठी पावसाळ्यानंतर आंब्याला ताण मिळणे अवश्य असते. या काळात खालच्या आच्छादनासाठी पाणी देत राहिल्यास झाडाला मोहोराऐवजी पालवी येण्याचा संभव असतो. अशा ठिकाणी आंबेहळद सोयीची. पावसाबरोबर ती उगवते, ऐन पावसात जमीन झाकते आणि हिवाळ्यात तिची पाने वाळून कंद विश्रांती घेतात. आंब्याला ताण हवा असतो, तेव्हा तीही पाणी मागत नाही. वाळलेली पाने तेथेच पसरून ठेवावीत. ती गर्द छायेत न लावता फांद्यांच्या घेराच्या कडेकडेने लावावी.

लागवड

जून-जुलैत, जमीन पुरेशी भिजल्यावर लागवड करावी. सर्व जमीन कुदळीने खणू नये; त्यामुळे झाडाची मुळे तुटतात. मुळांच्या मधल्या जागी लहान खळगे करून प्रत्येकात मूठभर कुजलेले शेणखत घालावे. रोपांत ३० सें.मी. अंतर ठेवल्यास एका चौरस मीटरला सुमारे ११, तर २० सें.मी. अंतरावर २५ रोपे लागतात. बुंध्याभोवती सुमारे अर्धा मीटर जागा मोकळी ठेवावी. तेथे ओल साचून राहिल्यास साल कुजण्याची भीती असते.

निगा

पहिल्या पावसाळ्यात दोन-तीन वेळा हाताने तण उपटावे. आच्छादन एकदा जुळून आले की तणांना वाव उरत नाही. गळालेली पाने जाळू नयेत. मोठी पाने चुरडून रोपांच्या मधून पसरावीत. त्यांचा जाड थर मात्र रोपांवर साचू देऊ नये. दरवर्षी पावसाच्या आरंभी चाळलेल्या शेणखताचा पातळ थर द्यावा. दाटी झाल्यावर क्लोरोफायटमचे गड्डे व नेच्याची बेटे विभागून नव्या जागी लावावीत. आंबेहळदीचे कंद काढताना खोल खणू नये आणि काही कंद जागीच राखावेत. उंबऱ्यालगत व पायवाटेच्या कडेला दाट आच्छादन नसावे. तेथे विंचू-सापांना आसरा मिळतो.

एक इशारा

पिवळ्या फुलांची वेडेलिया झपाट्याने पसरते म्हणून अनेकांना आवडते. परंतु जगातील १०० अत्यंत उपद्रवी आक्रमक जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत तिचा समावेश आहे. ओढ्याकाठी, बांधावर किंवा रानालगत ती मुळीच लावू नये. छाटलेले तुकडेही उघड्यावर टाकू नयेत, कारण त्यांना पुन्हा मुळे फुटतात. मनी प्लांटचा वेल जमिनीवर लावल्यास तोही खोडावर चढतो. त्याला वेळीच आवर घालावा.

लागवडीची घाई न करता या पावसाळ्यात एकाच झाडाखाली थोडी जागा निवडावी. पुढील उन्हाळ्यात जी वनस्पती तेथे टिकेल, तिचाच विस्तार पुढे करावा. झाकलेल्या जमिनीची माती जागीच राहते, आणि तिच्यावरच वरच्या झाडाचे आयुष्य अवलंबून असते.