गावाची संवाद सहाय्यक

किल्लारीचे नाव निघाले, की ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून नुकत्याच निजलेल्या गावांवर ३ वाजून ५६ मिनिटांनी कोसळलेले ते अरिष्ट, भुईसपाट झालेली ५२ गावे आणि सरकारी दप्तरातला ७,९२८ मृतांचा आकडा, एवढ्यापाशी बहुतेकांची स्मृती थांबते. ती तिथे थांबावी हे स्वाभाविक आहे, कारण त्या आकड्यापुढे बोलण्यासारखे फारसे उरत नाही. परंतु त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत लातूर आणि तेव्हाचे उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत, जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने चाललेल्या एका अवाढव्य सरकारी कार्यक्रमाच्या कोपऱ्यात, एक लहानसे गावपद निर्माण झाले, आणि ते ज्या स्त्रियांनी सांभाळले त्यांनी आपत्तिनिवारणाविषयीच्या आपल्या पुष्कळशा समजुती बदलाव्यात इतके मोलाचे काम केले. ‘संवाद सहाय्यक’ हे त्या पदाचे नाव. त्याचा परिचय करून देण्यापूर्वी ज्या घरांसाठी ते जन्मास आले त्या घरांविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे.

मराठवाड्यातील जुने घर म्हणजे माळवदाचे घर. काळ्या पाषाणाची, दोन ते तीन फूट जाडीची, चिखलात रचलेली भिंत. आत लाकडी खांब आणि तुळया. त्यांवर फळ्या किंवा काटक्या, आणि त्या सर्वांवर गावच्या पांढरीतून खणून आणलेल्या चिकण मातीचा एक ते दोन फूट, क्वचित त्याहूनही जाड थर. घराचा विस्तार चौरस फुटांत सांगण्याची रीत नव्हती. दोन खांबांमधील अंतर तो एक खण, आणि घर इतक्या खणांचे, एवढे सांगितले की ऐकणाऱ्याला घराबरोबर घरधन्याची ऐपतही कळे. हे घर वैशाखात थंड आणि पौषात उबदार राही, धान्याच्या कणगीला कोरडी जागा देई, आणि पावसाळ्यापूर्वी माळवदावर मातीचा नवा हात फिरवला की पिढ्यान्‌पिढ्या टिके. मात्र दर वर्षी चढणाऱ्या या मातीने छताचा भार वाढत जाई, हे कोणी ध्यानी घेतले नाही. आणि भिंत बाहेरून कितीही भक्कम दिसली तरी ती वस्तुतः दोन स्वतंत्र भिंती पाठीला पाठ लावून उभ्या, मध्ये बारीक दगड आणि मातीची भर, अशी होती. दोन्ही अंगांना धरून ठेवणारा आरपार दगड फार थोड्या गवंड्यांनी घातलेला असे. भूमी हादरताच आतली भर खाली बसली, बाहेरचे दगड सुटले, आणि माळवदाची माती निजलेल्या माणसांवर आली.

या दोषाचा ठपका गवंड्यांवर ठेवणे अन्यायाचे होईल. दख्खनचे पठार हे देशातील सर्वांत स्थिर भूभागांपैकी एक, असे तज्ज्ञांचेही मत होते, आणि भूकंपाच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. १९९२ च्या पावसाळ्यानंतर किल्लारीच्या परिसरात लहान धक्के बसले होते, लोक भयभीत झाले होते, पण पुढच्या वर्षी ६.२ तीव्रतेचा भूकंप इतक्या उथळ खोलीवर होईल अशी कल्पना कोणाला करता आली नाही. हिमालयासारख्या भूपट्टांच्या कडांवर भूकंप होतात हे शास्त्र शिकवत होते. भूपट्टाच्या पोटात, खंडाच्या स्थिर मध्यभागी, इतका संहारक भूकंप होणे ही त्या शास्त्रालाही नव्याने अभ्यासावी लागलेली गोष्ट ठरली.

पहिल्या आठवड्यात काय झाले ते अनेकांनी लिहिले आहे: सैन्य आले, पाऊस आला, सामुदायिक चिता पेटल्या, सरपण अपुरे पडले, आणि बघ्यांच्या गर्दीने मदतीच्या वाटा अडल्या. याच गर्दीतून खरी मदतही आली, आणि तिच्यात धर्माची प्रेरणा घेऊन आलेल्यांचा वाटा मोठा होता हे नमूद केले पाहिजे. फाळणीच्या निर्वासितांच्या सेवेसाठी १९४७ मध्ये उभी राहिलेली, प्रोटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चच्या परिवारातील ‘कासा’ ही संस्था इथे आली. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त कुटुंबांतील सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. इतर प्रेरणांतूनही कामे झाली: राष्ट्र सेवा दलाच्या परंपरेतील पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने नळदुर्गाजवळ ‘आपलं घर’ उभे राहिले, आणि हराळीस ज्ञान प्रबोधिनीने शाळा व शेतीशिक्षणाचे केंद्र सुरू केले. एकाने मूल दूरच्या शहरात न्यावे, दुसऱ्याने त्याच मुलखात त्याच्यासाठी छप्पर घालावे, या दोन वाटांमध्ये योग्य कोणती याचा निवाडा करण्याचे धाडस मी करणार नाही. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ मुली केडगावास आणल्या तेव्हापासून हा प्रश्न महाराष्ट्रापुढे आहे. ज्यांनी ही मुले प्रत्यक्ष सांभाळली त्यांच्याविषयी मनात केवळ कृतज्ञता येते.

परंतु बाहेरून येणाऱ्या स्वयंसेवकाला एक मर्यादा असते, आणि त्याच्या सद्भावनेने ती दूर होत नाही: त्याला परत जावे लागते. धान्य, वस्त्रे, औषधे, पत्रे ही तो देऊ शकतो. घर पुन्हा राहण्याजोगे करणे ही मात्र दोन-चार वर्षांची, कागदपत्रांनी, हप्त्यांनी आणि शेजाऱ्यांच्या तंट्यांनी भरलेली प्रक्रिया आहे, आणि तिच्यात शेवटपर्यंत टिकणारा माणूस गावचाच असावा लागतो.

सरकारने आपत्तीची मोजदाद करून गावांचे वर्ग पाडले होते. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी, आखीव चौकोनी रस्त्यांच्या वसाहतींत, पुन्हा बसवण्याचे ठरले. तिथे भूमिहीन व एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फुटांचे, सात हेक्टरपर्यंतच्या खातेदारांना ४०० चौरस फुटांचे, आणि त्याहून मोठ्या खातेदारांना ७५० चौरस फुटांचे घर मिळाले. जमिनीच्या धारणेवर घराचे माप ठरवणारा हा हुकूम जुन्या गावातील उच्चनीचता सिमेंटमध्ये कायम करणारा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. पण या स्थलांतरित गावांकडे देशाचे लक्ष तरी होते. ज्या शेकडो गावांत भिंतींना भेगा पडल्या, कोपरे सुटले, पण घर उभे राहिले, त्यांच्याकडे पाहण्यास छायाचित्रकार आले नाहीत, आणि अशा घरांची संख्या दोन लाखांच्या आसपास होती. त्यांचा पंचनामा होऊन, मालकाने स्वतःच, सरकारच्या अनुदानातून, घराची दुरुस्ती व मजबुतीकरण करावे असे धोरण ठरले.

धोरण उत्तम होते. अडचण अंमलाची होती. हप्ता बँकेत जमा होणार, त्यासाठी खाते पाहिजे. पुढचा हप्ता मागच्या कामाच्या तपासणीनंतर मिळणार, त्यासाठी कनिष्ठ अभियंत्याचा दाखला पाहिजे. आणि अभियंता एक तर गावे अनेक. कोणाचे नाव यादीत आहे, कोणाचे वगळले आहे, वगळलेल्याने अर्ज कोणाकडे द्यावा, हे तालुक्याच्या ठिकाणी माहीत असे आणि गावात अफवा बनून पोहोचे. १९९४ मध्ये महाराष्ट्र सरकारने या कामात लोकांचा सहभाग घडवून आणण्याची जबाबदारी प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेवर सोपवली तेव्हा प्रश्न हा होता, की बाराशेहून अधिक गावांत सरकारचे म्हणणे घरोघर आणि घराघरांचे म्हणणे सरकारपर्यंत नेणार कोण. संस्थेने सुचवलेले उत्तर त्या वेळी पुष्कळांना अव्यवहार्य वाटले असेल: गावच्या महिला मंडळांतील बायकांनी.

घर पडले तर सर्वांत अधिक हाल ज्यांचे होतात आणि घर बांधताना ज्यांना कोणी विचारत नाही, त्यांच्याच हाती हे काम द्यावे, या विचारात न्याय होता आणि व्यवहारज्ञानही. पुरुष बाजारास, कारखान्यास, तहसिलीस जातो. बाई गावात असते. कोणाच्या चुलीमागची भिंत पोटाशी फुगली आहे, कोण अजून पत्र्याच्या शेडमध्ये निजते आहे, कोणत्या विधवेचे नाव दिराच्या खात्याखाली दडपले गेले आहे, हे तिला विचारावे लागत नाही. ज्या समाजात मारुतीच्या पारासमोरून जाताना डोक्यावरचा पदर पुढे ओढून घ्यावा लागे, त्या समाजातील स्त्री ग्रामसभेत उभी राहून अनुदानाचे नियम वाचून दाखवू लागली, यातील धैर्याचे मोल ज्यांनी ती गावे पाहिली आहेत त्यांनाच कळेल.

संवाद सहाय्यक म्हणून तिच्या कामाचे स्वरूप वरकरणी साधे होते. आळीआळीत बैठका घेऊन कोणाला काय मिळावयाचे ते सांगणे, बँकेत खाते उघडण्यास बरोबर जाणे, कामाची प्रगती टिपून ठेवणे, अडलेल्या हप्त्याची तक्रार तालुक्याच्या बैठकीत मांडणे. पण यासाठी तिला प्रथम बांधकाम शिकावे लागले, आणि इथेच या पदाचे वैशिष्ट्य आहे. माळवदावरची माती किती काढावी. भिंतीत ठरावीक अंतराने आरपार बांध कसा घालावा. दारे-खिडक्यांच्या माथ्यावर चारी भिंतींना एकत्र आवळणारा लोखंड-सिमेंटचा पट्टा सलग का असावा, आणि तो एका कोपऱ्यात तोडला तर त्याचा उपयोग का उरत नाही. खांब आणि तुळई यांच्या सांध्यात तिरका आधार कसा द्यावा. कोपऱ्यावर जाळी ठोकून गिलावा कसा करावा. सिमेंटच्या कामावर पाणी किती दिवस मारावे. हे सारे तिने अभियंत्यांकडून ऐकले, नमुन्यादाखल मजबूत केलेल्या घरांत प्रत्यक्ष पाहिले, आणि मग ती शेजारणीच्या घरी गवंड्याच्या डोक्याशी उभी राहू लागली. गवंड्याला हे रुचणे कठीण होते. पण पैसा घरमालकाच्या खात्यातला, आणि दाखला अडला तर हप्ता अडणार, हे सर्वांना ठाऊक असल्याने तिचा शब्द हळूहळू मानला जाऊ लागला.

या कामात तिला सर्वांत मोठा विरोध झाला तो दगडाच्या भयाचा. ज्या दगडाने माणसे मारली त्याच्या सावलीत पुन्हा निजण्यास लोक तयार नव्हते. कित्येकांनी धडधाकट माळवदे स्वतः उतरवली, सागाचे खांब विकले, आणि ज्येष्ठात भाजून काढणाऱ्या पत्र्याखाली संसार मांडला. अभियंते सांगत होते, की योग्य रीतीने बांधलेली दगडी भिंत सुरक्षित असते. हे खरे होते, पण सत्य सांगितल्याने भय जात नाही. त्यामुळे जुन्या घराचे मजबुतीकरण कागदावर जेवढे योजले होते तेवढे प्रत्यक्षात झाले नाही. अनेकांनी अनुदानातून विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली आणि जुने घर धान्यासाठी किंवा जनावरांसाठी ठेवले. तज्ज्ञांच्या दृष्टीने ही योजनेची त्रुटी असेल. मला मात्र वाटते, की निजण्यापुरती एक निर्भय खोली असावी ही त्या लोकांची गरज खरी होती, आणि त्या खोलीत माथ्याचा पट्टा सलग पडला असेल तर तो पुष्कळदा या बायकांच्या देखरेखीमुळे पडला.

कार्यक्रमाची मुदत संपली तसे सरकारच्या लेखी हे पदही संपले. पण एकत्र बसण्याची, हिशेब ठेवण्याची आणि अधिकाऱ्यांसमोर बोलण्याची सवय संपली नाही. तिच्यातून बचत गट आले, गटांचे संघ आले, शाळा, आरोग्यकेंद्र आणि पाणीपुरवठा यांची विचारपूस सुरू झाली. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरले तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या या स्त्रिया तिकडे गेल्या. भाषा वेगळी, पेहराव वेगळा. परंतु ढिगाऱ्याशेजारी बसलेल्या बाईला यादी, पंचनामा, हप्ता आणि दाखला यांची वाट कशी चालावी हे सांगण्याचा त्यांच्याइतका अधिकार दुसऱ्या कोणाला होता? त्यांनी कच्छी बायकांना पहिल्याच भेटीत सांगितले ते हे, की घराचे काम पुरुषांवर आणि कंत्राटदारावर सोडू नका, स्वतः शिका. २००४ च्या त्सुनामीनंतर ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था तामिळनाडूच्या किनाऱ्यावर कामास लागली, आणि तुर्कस्तानातील भूकंपग्रस्त स्त्रियांशीही या मुलखातील स्त्रियांच्या गाठीभेटी झाल्या. मदत घेणारा तो दुबळा आणि देणारा तो सबळ, ही समजूत आपल्या धर्मादायाच्या कल्पनेत फार खोल रुजलेली आहे. तेरणा नदीकाठच्या शेतकरणीने केवळ आपल्या अनुभवाच्या बळावर ती खोटी ठरवली.

पुढे या मुलखावर आलेली आपत्ती सावकाश येणारी होती. पाऊस हुकू लागला, विहिरी आटल्या, आणि नगदी पिकांच्या मागे धावणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी खाण्याची ज्वारी विकत येऊ लागली. भूकंपाच्या कामातून घडलेल्या संघटनेने तेव्हा घराऐवजी शेत हाती घेतले: कुटुंबाच्या जमिनीतला अर्धा-एक एकर बाईने मागून घ्यावा, त्यात कमी पाण्यावर येणारी डाळी, भरड धान्ये आणि भाज्यांची मिश्र पिके घ्यावीत, खते-औषधे घरची वापरावीत, आणि आधी घरच्या ताटात वाढून उरलेले विकावे. या कामासाठी २०१६ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर’ पुरस्कार मिळाला. प्रेमा गोपालन २०२२ मध्ये निवर्तल्या. शेतातला तो अर्धा-एक एकर मिळवताना नवऱ्याशी आणि सासऱ्याशी जी बोलणी करावी लागतात ती तहसिलदाराशी केलेल्या बोलण्यांहून अवघड असतात, कारण तहसिलीत निदान नियम लिहिलेला असतो. पीक कोणते घ्यावयाचे हे बाई ठरवते, बियाणे ती राखते, हिशेब ती ठेवते, आणि सात-बाऱ्यावरचे नाव मात्र बहुतेक घरांत अजून नवऱ्याचेच किंवा सासऱ्याचेच आहे.