उड्डाणापूर्वी वैमानिक हवामान कसे वाचतो?

देशातील प्रमुख विमानतळांवरून दर अर्ध्या तासाने हवामानाचे एक छोटेसे निवेदन प्रसारित होते. विमान वाहतूक क्षेत्रात ते ‘मेटार’ या नावाने ओळखले जाते. वाऱ्याची दिशा व वेग, दृश्यमानता, ढगांचे प्रमाण व उंची, तापमान, दवबिंदू आणि हवेचा दाब एवढी माहिती सांकेतिक अक्षरे व आकड्यांच्या एक-दोन ओळींत सामावलेली असते. सर्वसामान्य वाचकाला या ओळी अनाकलनीय वाटतील. वैमानिकाला मात्र त्यांतून तीन प्रश्नांची उत्तरे शोधायची असतात. धावपट्टी दिसेल काय? तिच्यावर विमान थांबेल काय? आणि यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी आले, तर जायचे कोठे?

मेटार ही प्रत्यक्ष निरीक्षणाची नोंद असते, अंदाज नव्हे. पुढील काही तासांचा अंदाज ‘टॅफ’ या स्वतंत्र निवेदनात दिला जातो. दोन तासांनी पोहोचणाऱ्या विमानाला आताच्या निरभ्र आकाशाचा उपयोग मर्यादितच, म्हणून ही दोन्ही निवेदने एकत्र वाचावी लागतात.

प्रथम वाऱ्याविषयी. वाऱ्याची दिशा म्हणजे तो ज्या बाजूकडून येतो ती दिशा. ‘२४० अंश, १२ नॉट’ याचा अर्थ वारा नैर्ऋत्येकडून ताशी सुमारे २२ किलोमीटर वेगाने येत आहे. धावपट्ट्यांचे क्रमांकही दिशेवरूनच पडलेले आहेत. मुंबईची मुख्य धावपट्टी पश्चिमेकडे तोंड करून वापरली की तिला २७ म्हणतात, कारण ती दिशा जवळपास २७० अंशांची असते. मोसमी वारे अरबी समुद्रावरून येत असल्याने पावसाळ्यात विमाने साधारणपणे त्याच दिशेने उतरतात.

समोरून येणाऱ्या वाऱ्याचे महत्त्व एका साध्या गणिताने कळते. विमानाचा हवेतील वेग १४० नॉट असेल आणि समोरून १० नॉटचा वारा असेल, तर जमिनीच्या संदर्भात विमान १३० नॉटने टेकते. तोच वारा पाठीमागून आला तर हा वेग १५० नॉट होतो. फरक अवघा वीस नॉटचा दिसतो. परंतु गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ब्रेकना जवळजवळ एक तृतीयांश अधिक ऊर्जा शोषून घ्यावी लागते. त्यात धावपट्टी ओली असेल तर टायरची पकडही कमी झालेली असते.

केरळमधील कोळिकोड विमानतळावर ७ ऑगस्ट २०२० रोजी झालेली दुर्घटना या संदर्भात मुळातून समजून घेण्यासारखी आहे. दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे बोईंग ७३७ विमान मुसळधार पावसात रात्री उतरण्याच्या प्रयत्नात होते. पहिला प्रयत्न सोडून दिल्यानंतर ते विरुद्ध दिशेने, म्हणजे धावपट्टी क्रमांक १० वर, उतरले. या दिशेने वारा पाठीमागून होता. विमान धावपट्टीची जवळजवळ निम्मी लांबी ओलांडल्यानंतर टेकले, टोकाशी थांबू शकले नाही आणि पठाराच्या कडेवरून खाली कोसळले. विमानातील १९० जणांपैकी दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला. चौकशी अहवालाने केवळ हवामानाला दोष दिलेला नाही. अस्थिर अवस्थेत उतरणे चालू ठेवले गेले आणि सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याची सूचना देऊनही ते झाले नाही, यावर अहवालाचा भर आहे. वाऱ्याचे आकडे नियंत्रण कक्षाने कळवलेले होते. आकडा माहीत असणे आणि त्यावरून निर्णय बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे ठळकपणे दिसते.

येथे एक तांत्रिक बाब लक्षात ठेवावी. मेटारमधील वारा दहा मिनिटांची सरासरी असतो, तर उतरण्याची परवानगी देताना नियंत्रक सांगतो तो दोन मिनिटांची. शिवाय दोन्ही मोजमापे जमिनीलगतची असतात. हजार फुटांवरचा वारा पुष्कळदा अधिक जोराचा असतो.

उत्तर भारतात हिवाळ्यात प्रश्न वाऱ्याचा नसतो, वारा नसण्याचा असतो. पाऊस पडून गेल्यावर आकाश निरभ्र झाले की रात्री जमीन झपाट्याने थंड होते आणि तिच्यालगतची दमट हवा दवबिंदूपर्यंत येऊन ठेपते. समजा, रात्री आठ वाजता तापमान १४ व दवबिंदू ९ अंश आहे, अकरा वाजता ११ व ९, आणि दोन वाजता ९ व ८. वारा दोन-तीन नॉटचा आहे. ही तीन निवेदने ओळीने वाचणाऱ्याला पहाटेच्या धुक्याची पूर्वसूचना मिळालेलीच असते. हवा अगदीच स्तब्ध असेल तर बहुधा केवळ दव पडते. किंचितशी हालचाल धुके जाड करते. दिल्लीच्या धुक्याचा अभ्यास पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१५ च्या हिवाळ्यापासून हाती घेतला आहे.

धुक्यात सर्वसाधारण दृश्यमानतेपेक्षा धावपट्टीवरून प्रत्यक्ष किती अंतर दिसते, हे उपकरणांनी मोजलेले अंतर निर्णायक ठरते. दिल्लीत अत्याधुनिक प्रणालीच्या आधारे हे अंतर ५० मीटर असतानाही उतरता येते. मात्र विमानतळ, विमान आणि वैमानिक हे तिन्ही त्यासाठी पात्र असावे लागतात. उड्डाणासाठी साधारणपणे १२५ मीटर आवश्यक मानले जातात. विमाने उतरत असूनही आपले विमान का निघत नाही, या प्रवाशांच्या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा यात सापडते.

दाब आणि तापमान यांचा उल्लेख थोडक्यात पुरे. विमानाचे उंचीमापक मुळात हवेचा दाब मोजते. समुद्रसपाटीजवळ एक हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे सुमारे २७ ते २८ फूट. दाब १००० असताना उपकरण १०१३ वरच राहिले, तर विमान दाखवलेल्या उंचीपेक्षा साडेतीनशे फुटांहून अधिक खाली असेल. उष्ण हवा विरळ असल्याने पंखांना आणि इंजिनांनाही बळ कमी मिळते. सुमारे १०,७०० फूट उंचीवरील लेह येथे २०२४ च्या जुलैअखेर उष्णतेमुळे विमानांच्या फेऱ्या रद्द कराव्या लागल्या होत्या.

निवेदनात ‘सी.बी.’ ही दोन अक्षरे दिसली की अनुभवी वैमानिक सावध होतो. ‘क्युम्युलोनिम्बस’ या गडगडाटी ढगाचे ते संक्षिप्त रूप आहे. त्याच्या पोटात वर जाणारे आणि खाली कोसळणारे हवेचे प्रवाह शेजारी शेजारी असतात. खाली आदळणारा प्रवाह जमिनीवर चहूकडे पसरतो. त्यात शिरणाऱ्या विमानाला प्रथम समोरचा आणि काही सेकंदांतच पाठीमागचा वारा लागतो. गारांचा धोका ढगाबाहेरही असतो. शिवाय कोरडी गार रडारवर पावसाच्या थेंबांइतकी स्पष्ट उमटत नाही.

२१ मे २०२५ रोजी दिल्लीहून श्रीनगरला जाणारे इंडिगोचे विमान पठाणकोटजवळ अशा गारपिटीत सापडले. मार्ग बदलण्याची विनंती भारतीय हवाई दलाच्या नियंत्रण कक्षाने आणि नंतर लाहोरनेही नाकारली होती. वैमानिकांनी मागे फिरण्याचा विचार केला. तोवर ढग अगदी जवळ आला होता. विमानाच्या नाकाचे नुकसान झाले, परंतु ते श्रीनगरला सुखरूप उतरले. ढगाला वळसा घालण्याचा निर्णय दूर असतानाच घ्यावा लागतो, तो यासाठीच.

आता राहिला तिसरा प्रश्न, जायचे कोठे? विमानात गंतव्य स्थानापर्यंतच्या इंधनाखेरीज पर्यायी विमानतळापर्यंतचे इंधन आणि जेट विमानासाठी त्यावर तीस मिनिटांचा अखेरचा साठा असावा लागतो. पर्यायी विमानतळ केवळ जवळचा असून भागत नाही. तेथील हवामान वेगळे असले पाहिजे. जुलैमध्ये संपूर्ण कोकण किनारपट्टीवर पावसाचा पट्टा पसरलेला असेल, तर मुंबईला निघालेल्या वैमानिकाला गोव्यापेक्षा अहमदाबाद किंवा हैदराबाद अधिक भरवशाचे वाटते, मग त्यासाठी काही टन अधिक इंधन वाहून न्यावे लागले तरी.