सेर्वान्तेसच्या वर्गात

अमेरिकेतल्या विद्यापीठात स्पॅनिश शिकवते म्हटलं की पुण्याची मंडळी विचारतात, "म्हणजे ओला, कोमो एस्तास वगैरे?" तेही शिकवते. पण नोकरी लागली ती त्याच्यासाठी नाही.

इथल्या बऱ्याच मोठ्या स्पॅनिश विभागांत सरळसरळ दोन जाती आहेत. सुरुवातीचे भाषेचे वर्ग पीएच.डी.चे विद्यार्थी आणि कंत्राटी शिक्षक घेतात. साहित्य कायम प्राध्यापकांकडे. मान, रजा, बरा पगार, सगळं साहित्याच्या ताटात. आणि विभागाचं पोट भरतं भाषेवर! 2021 च्या गणनेत इथल्या महाविद्यालयांत इंग्रजीखेरीजच्या भाषांच्या जितक्या नोंदण्या झाल्या, त्यांतल्या जवळजवळ निम्म्या एकट्या स्पॅनिशच्या होत्या, सुमारे 5 लाख 84 हजार. तरी 2016 च्या मानाने आकडा सव्वा लाखाहून जास्त घसरला, आणि त्याची झळ आधी कंत्राटवाल्यांना बसते.

मीही पीएच.डी.च्या काळात क्रियापदं चालवून फी भागवली. मग मध्ययुगातल्या सिद या योद्ध्याच्या काव्यापासून अलीकडचा कादंबरीकार बोलान्योपर्यंतची वाचनयादी, तिच्यावरची परीक्षा, प्रबंध, आणि नोकरीसाठी देशभर अर्ज. 'टेन्युअर'चा, म्हणजे कायम होण्याचा, निकाल साधारण सहाव्या वर्षी लागतो. तोवर पुस्तक छापून यायला हवं. आडनाव मराठी, त्यामुळे ही भारतात राजदूत राहिलेल्या मेक्सिकन कवी ऑक्ताव्हिओ पाझवर लिहिणार असं सगळ्यांनी धरलेलं. मी निवडली कातारिना दे सान हुआन. सतराव्या शतकात गुलाम म्हणून हिंदुस्थानातून मनिलामार्गे मेक्सिकोतल्या पुएब्लाला पोचलेली बाई, 1688 मध्ये तिथेच वारली. तिच्या जेझुइट चरित्रकाराने तीन खंड लिहिले. चर्चच्या धर्मन्यायालयाने त्यांवर बंदी घातली. माझ्या पुस्तकाचा जीव त्या बंदीत आहे.

पण वर्षातला माझा आवडता वर्ग म्हणजे 'डॉन किहोते' लिहिणाऱ्या सेर्वान्तेसचा. निम्मी मुलं मेक्सिकन घरांतली. बोलतात धबधब्यासारखं, लिहिताना मात्र अडखळतात, कारण शाळा सगळी इंग्रजीत. 'आ बेर' (बघू या) आणि 'आबेर' (असणे) कानाला सारखेच, त्यामुळे कागदावर एकाच्या जागी दुसरं. त्यांच्या घरची स्पॅनिश 'अशुद्ध' असल्याचं कुणीतरी त्यांना आधीच सांगून ठेवलेलं असतं.

एका मुलाची आजी खेड्यातली. 'आणलं' म्हणायला ती 'त्राहो' न म्हणता 'त्रुहो' म्हणते. शाळेत याने तसं लिहिलं आणि लाल शाईने खोडलं गेलं. 1605 चा 'डॉन किहोते' वाचताना त्याने मध्येच हात वर केला: "प्रोफेसोरा, छपाईची चूक आहे." पाहिलं तर 'त्रुहो'. म्हटलं, पुढे वाच. पुढेही 'त्रुहो'. सेर्वान्तेस सर्रास तेच लिहितो. प्रमाणभाषेने ते रूप नंतर टाकलं, खेड्यांनी ठेवलं. पोराने पुस्तकाचा फोटो काढून तिथल्या तिथे आजीला पाठवला. वर्गात फोन चालत नाही, पण मी खिडकीबाहेर बघत राहिले.

हे शिकवताना मी भाषा शिकवत होते की साहित्य, हे आमच्या पगारपत्रकाला विचारावं.

पुण्याहून मुलं विचारतात, स्पॅनिशच्या प्राध्यापकीसाठी अमेरिकाच कशाला? मुळीच नको. दिल्लीत जेएनयूमध्ये स्पॅनिश बी.ए.ला शून्यापासून सुरुवात करता येते, पुढे एम.ए. आणि पीएच.डी.ही तिथेच. आपल्याकडे प्राध्यापकीसाठी लागणारी नेट परीक्षा स्पॅनिशमध्येही देता येते. फक्त पहिल्या वर्षी व्याकरणाला नाक मुरडू नका.