राणीछाप रुपया आणि रोमचे नाणे

आमच्या आजीच्या पेटीत एक राणीछाप रुपया आहे. तो मोडून ताईला पैंजण करायचे असे दिवाळीत ठरले. आजी म्हणाली, "ठेईसन काय कामना शे हाऊ?" मोडण्याआधी मी तो गुरुजींना दाखवायला आणला. गुरुजींनी मला पुस्तकात दुसऱ्याच एका नाण्याचे चित्र दाखवले. त्याची माहिती देतो.

ते रोमन लोकांचे चांदीचे नाणे. त्याला देनारियस म्हणत. आपला 'दीनार' हा शब्द त्यावरूनच आला. वजन चार ग्रॅमला जरा कमी. राणीछाप रुपया म्हणजे एक तोळा. तीन देनारियस एका पारड्यात आणि हा रुपया दुसऱ्यात ठेवला, तर तराजू जवळजवळ सारखा राहील.

नाण्याच्या एका बाजूला ऑगस्टस बादशहाचे डोके आहे. डोक्यावर पानांची माळ आहे. तो विजयाचा मान. दुसऱ्या बाजूला दोन तरुण उभे आहेत, मध्ये ढाली आणि भाले. हे बादशहाचे नातू, गायस आणि लुसियस. त्याने त्यांना दत्तक घेतले होते. तेव्हा वर्तमानपत्रे कुठली? आपल्यामागे कोण, हे त्याने नाण्यावरूनच गावोगाव कळवले. पण लुसियस इ. स. २ मध्ये आणि गायस इ. स. ४ मध्ये वारला. आजोबा मागे राहिले. नातू नाण्यावर राहिले.

मित्रांनो, ही नाणी दक्षिण भारतात पुष्कळ सापडली आहेत. रोमचे व्यापारी मिरी, कापड न्यायला जहाजाने येत. भडोच हे तेव्हाचे मोठे बंदर. 'पेरिप्लस' नावाच्या जुन्या ग्रीक पुस्तकात लिहिले आहे, की भडोचला रोमची सोन्याचांदीची नाणी येत आणि पैठणहून गाड्या भरून रंगीत दगड जात. आता नकाशा बघा. पैठण गोदावरीवर, भडोच नर्मदेवर. मधे काय? आपली तापी! म्हणजे त्या गाड्यांना तापी ओलांडावीच लागली असणार.

आता जवळची गोष्ट. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे चांदीची तेरा हजारांवर नाणी सापडली. ती नहपान राजाची. त्यांवरही राजाचे डोके आणि भोवती ग्रीक अक्षरे. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नहपानाचे राज्य कुणी घेतले, ते नाण्यांनीच सांगितले. ती कुणी आटवली असती तर नुसती चांदी मिळाली असती. गोष्ट गेली असती.

म्हणून नांगरताना जुने नाणे सापडले, तर राखेने घासू नका, चिंचेने उजळू नका. चित्र झिजते. गुरुजींना दाखवा. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे धन जमिनीत सापडले, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरांना कळवावे लागते.

हे सारे मी आजीला वाचून दाखवले. नातवांचे ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली. मग रुपया फडक्यात बांधला आणि पेटीत परत ठेवला. पैंजण राहिले, म्हणून ताई अजून माझ्याशी बोलत नाही.