काळजीवाहकांसाठी दूरध्वनी-समुपदेशन

घरातील रुग्णाची दीर्घकाळ शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकाला कौटुंबिक काळजीवाहक म्हणतात. अशा व्यक्तीला प्रशिक्षित समुपदेशकाने दूरध्वनीवरून दिलेला भावनिक आधार व मार्गदर्शन म्हणजे दूरध्वनी-समुपदेशन होय. स्मृतिभ्रंशाच्या (डिमेन्शिया) रुग्णांच्या कुटुंबांसंदर्भात या पद्धतीचा विशेष अभ्यास झाला आहे.

पार्श्वभूमी

स्मृतिभ्रंशाचा रुग्ण तोच प्रश्न वारंवार विचारतो, रात्री जागतो, घराबाहेर पडल्यास वाट चुकतो. त्याला एकटे सोडता येत नसल्याने काळजीवाहकही घरात अडकून पडतो. समुपदेशन केंद्रापर्यंत जाणेच त्याला शक्य नसते. ही अडचण दूरध्वनीमुळे दूर होते.

परिणाम

न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन व सहकाऱ्यांनी जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्या ४०६ व्यक्तींचा अभ्यास केला. प्रत्यक्ष समुपदेशन, आधारगट आणि गरजेनुसार दूरध्वनी-समुपदेशन अशा एकत्रित साहाय्यामुळे रुग्णाला शुश्रूषागृहात ठेवण्याची वेळ सुमारे दीड वर्षाने लांबली, असा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि, याचे श्रेय केवळ दूरध्वनीला देता येत नाही. २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार दूरध्वनी-समुपदेशनाने काळजीवाहकांमधील नैराश्याची लक्षणे कमी होऊ शकतात. शुश्रूषेचा भार हलका होतो का, याविषयीचे पुरावे मात्र निर्णायक नाहीत.

अनुभव व मर्यादा

रुग्णावर रागावल्याची खंत किंवा थकवा नातलगांसमोर बोलून दाखवणे अनेकांना अवघड जाते. कुटुंबाबाहेरच्या व्यक्तीशी, चेहरा न दाखवता, ते बोलता येते. दरवेळी तोच समुपदेशक भेटल्यास हकिकत पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागत नाही. उलट, रुग्ण शेजारच्या खोलीत असल्यास मोकळेपणाने बोलता येत नाही. ऐकू कमी येणाऱ्या वृद्ध काळजीवाहकांना ही पद्धत गैरसोयीची ठरते. समुपदेशकालाही घरातील परिस्थिती व समोरच्याची देहबोली दिसत नाही. शिवाय, रुग्णाला आंघोळ घालणे, भरवणे, रात्री जागणे ही कामे संभाषणानंतरही तशीच उरतात. त्यांसाठी प्रत्यक्ष मदतनिसाचीच गरज असते.

भारतातील सेवा

केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असून मराठीतही संवाद साधता येतो. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा ‘एल्डर लाइन’चा क्रमांक आहे. या दोन्ही सेवा केवळ काळजीवाहकांसाठी नसल्या, तरी त्यांनाही त्यांचा लाभ घेता येतो.