पिलांचा काळ : पार्व्हो रोग आणि त्याचे निवारण

शेताची राखण, वस्तीचा पहारा आणि मेंढवाड्याचे रक्षण या कामी कुत्र्यासारखा विश्वासू सोबती शेतकऱ्यास दुसरा नाही. तथापि गुरांच्या आजाराकडे जितके लक्ष पुरविले जाते, तितके कुत्र्यांच्या आजाराकडे पुरविले जात नाही. कारवानसारख्या चांगल्या जातीचे पिलू हौसेने आणावे आणि ते दोन-तीन महिन्यांचे होते न होते तोच ओकाऱ्या व रक्ती हगवणीने दगावावे, असा अनुभव पुष्कळांना येतो. कोणी विषबाधेचा संशय घेतो, कोणी नजर लागली असे म्हणतो. वस्तुतः अशा अनेक मृत्यूंमागे पार्व्हो विषाणू असतो, आणि हा रोग टाळता येण्याजोगा आहे.

रोगाचा उगम व प्रकार

पार्व्हो या नावाचे मूळ ‘लहान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. या विषाणूचा व्यास अवघा २५ नॅनोमीटरच्या आसपास असतो. कुत्र्यांतील एक सौम्य पार्व्हो विषाणू १९६७ पासून ठाऊक होता. परंतु १९७८ मध्ये त्याहून निराळा व अत्यंत घातक असा विषाणू अनेक देशांत जवळजवळ एकाच वेळी प्रकट झाला. पूर्वीच्या विषाणूपासून वेगळा ओळखता यावा म्हणून त्यास ‘प्रकार २’ असे नाव मिळाले. मांजरांना होणाऱ्या पॅनल्यूकोपेनिया रोगाच्या विषाणूशी त्याचे निकटचे नाते आहे.

थोड्याच वर्षांत मूळ विषाणू मागे पडून ‘२-ए’ हा प्रकार सर्वत्र पसरला. १९८४ मध्ये ‘२-बी’ आणि २००० मध्ये इटलीत ‘२-सी’ हे प्रकार ओळखण्यात आले. विषाणूच्या कवचातील प्रथिनात एका विशिष्ट स्थानी कोणते अमिनो आम्ल आहे, यावरून हे तीन प्रकार प्रामुख्याने निराळे केले जातात. प्रकार कोणताही असो, रोगाची लक्षणे सारखीच असतात आणि प्रचलित जिवंत लसी तिन्ही प्रकारांपासून संरक्षण देतात.

प्रसार व लक्षणे

रोगी कुत्र्याच्या विष्ठेतून विषाणू फार मोठ्या प्रमाणात बाहेर पडतात. ते अंगण, भांडी, गोणपाट, पादत्राणे व हात यांवाटे निरोगी पिलाच्या तोंडात जातात. ओलसर व सावलीच्या जागी ते कित्येक महिने जिवंत राहतात. मोकाट कुत्र्यांमुळे वन्य प्राण्यांपर्यंतही त्यांचा संसर्ग पोहोचू शकतो. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज परिसरात खोकडांच्या रक्तातही या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली आहेत. माणसांना तसेच गाई-म्हशींना व शेळ्या-मेंढ्यांना मात्र कुत्र्यांचा हा रोग होत नाही.

संसर्गानंतर साधारणतः ३ ते ७ दिवसांत पिलू मलूल होते, खाणे सोडते, त्यास ताप येतो, ओकाऱ्या सुरू होतात व पाठोपाठ दुर्गंधीयुक्त, बहुधा रक्तमिश्रित हगवण लागते. विषाणू आतड्याचे अस्तर व पांढऱ्या रक्तपेशी तयार करणारा अस्थिमगज या दोहोंवर घाला घालतो. त्यामुळे शरीरातील पाणी कमी होते आणि आतड्यातील जंतू रक्तात शिरतात. ६ आठवडे ते ६ महिने वयाच्या पिलांना धोका सर्वाधिक असतो.

लस टोचूनही पिलू का दगावते ?

हा प्रश्न अनेक पशुपालक विचारतात. मातेच्या चिकातून पिलास प्रतिद्रव्ये मिळतात व ती काही आठवडे त्याचे रक्षण करतात. पण हीच प्रतिद्रव्ये टोचलेली लसही निष्प्रभ करतात. ती ओसरू लागली म्हणजे मध्यंतरी असा काळ येतो की, रोग रोखण्यास ती अपुरी पडतात, परंतु लसीला अडविण्यास पुरेशी असतात. हा काळ प्रत्येक पिलाच्या बाबतीत निराळा असतो. म्हणून एकच मात्रा देऊन थांबणे धोक्याचे ठरते. ६ ते ८ आठवड्यांच्या वयात पहिली मात्रा द्यावी, त्यानंतर दर २ ते ४ आठवड्यांनी पुढील मात्रा द्याव्यात, आणि शेवटची मात्रा पिलू १६ आठवड्यांचे झाल्यावर अवश्य द्यावी. वर्षाच्या आत वर्धक मात्रा द्यावी व पुढे पशुवैद्यकांच्या सल्ल्याने लस टोचून घ्यावी. लसीकरण पुरे होईपर्यंत पिलास अनोळखी कुत्र्यांत मिसळू देऊ नये.

उपचार व स्वच्छता

विषाणू मारणारे खात्रीचे औषध सर्वसाधारण उपचारात नाही. तरीही शिरेवाटे सलाईन, ओकारी थांबविणारी औषधे व प्रतिजैविके वेळेवर मिळाल्यास बहुतेक पिले वाचतात. उपचाराविना मात्र बहुतेक दगावतात. म्हणून घरगुती उपायांत एक दिवसही न दवडता पिलू पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.

रोगी पिलू वेगळे बांधावे व त्याची विष्ठा खोल पुरावी. नेहमीच्या फिनेलवर या विषाणूच्या नाशासाठी विसंबू नये. जागा प्रथम घासून धुवावी आणि मग घरगुती ब्लीचचे १ भाग द्रावण ३० भाग पाण्यात मिसळून ते किमान १० मिनिटे जमिनीवर राहू द्यावे. माती किंवा घाण शिल्लक असल्यास ब्लीचचा गुण नाहीसा होतो. ज्या अंगणात पिलू दगावले, तेथे लसीकरण पुरे न झालेले दुसरे पिलू आणू नये. वेळच्या वेळी टोचलेल्या लसीचा खर्च थोडा असतो, आणि त्यापासून मिळणारा राखणदार पुढे कित्येक वर्षे शेताची सेवा करतो.