हृदयाचा मदतनीस पंप आणि त्याच्या नळ्या

हृदय हा एक पंप आहे, हें प्रत्येक विद्यार्थी शरीरशास्त्राच्या पुस्तकांत वाचतो. परंतु थकलेल्या हृदयाच्या मदतीस माणसानें घडविलेला दुसरा पंप जोडतां येतो, हें पुष्कळांस नवें वाटेल. त्याहून नवलाची गोष्ट अशी कीं, पंप कितीहि उत्तम असला तरी त्याच्या दोन नळ्या कोठें व कोणत्या दिशेनें बसविल्या आहेत, यावर रोग्याचें बरेंवाईट पुष्कळ अंशीं अवलंबून असतें. त्याचाच आम्ही येथें विचार करणार आहों.

फुप्फुसांत शुद्ध झालेलें रक्त डाव्या कर्णिकेंत येतें, द्विदली झडपेंतून डाव्या जवनिकेंत उतरतें, आणि जवनिका आकुंचन पावली म्हणजे महारोहिणींत लोटलें जातें. विश्रांतीच्या वेळीं निरोगी प्रौढ मनुष्याचें हृदय मिनिटास सुमारें ५ लिटर रक्त पुढें ढकलतें. डावी जवनिका दुर्बळ झाली म्हणजे हा पुरवठा घटतो. मग जिना चढणें तर दूरच, अंथरुणावर आडवें होणेंहि रोग्यास जड जातें.

१९६६ सालीं अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरीं डॉ. मायकेल डीबेकी यांनीं अशा पंपाचा यशस्वी उपयोग केला. त्यांनीं रक्त डाव्या कर्णिकेंतून घेऊन काखेंतील रोहिणींत सोडलें होतें, आणि सुमारें दहा दिवसांनीं रोग्याचें हृदय सांवरल्यावर पंप काढून घेतला. हल्लींचा पंप तळहातावर मावेल एवढा असतो. त्यांतील चाक चुंबकाच्या बळावर अधांतरीं राहून मिनिटास हजारों फेरे घेतें. आंत ओढणारी नळी जवनिकेच्या खालच्या टोकांत बसवितात, व बाहेर सोडणारी नळी बहुधा महारोहिणीच्या चढत्या भागास शिवतात. प्रवाह अखंड असल्यामुळें अशा रोग्याची नाडी पुष्कळदा हातास लागतच नाहीं. जुन्या नाडीपरीक्षकांची येथें मोठी पंचाईत झाली असती!

आतां ओढणाऱ्या नळीचें पाहूं. तिचें तोंड द्विदली झडपेकडे असावें, आणि ती दोन जवनिकांमधील पडद्याशीं समांतर असावी. विहिरींतील पंपाची नळी कडेच्या दगडास टेकली कीं पाणी कमी येतें, हें आपण पाहतों. पण विहिरीची भिंत कठीण, हृदयाची भिंत मऊ. नळी पडद्याकडे कलली तर पडदाच ओढला जाऊन तिच्या तोंडावर बसतो. प्रवाह तुटतो आणि डिवचलेलें हृदय वेडेंवांकडें ठोके देऊं लागतें. जवनिका लहान असली, किंवा शरीरांतील पाणी कमी झालें असलें, म्हणजे हें संकट लवकर ओढवतें.

दुसरें संकट मुकाट्यानें येतें. पाटाच्या वळणावर पाणी संथ झालें कीं तेथें गाळ सांचतो; रक्त संथ झालें कीं त्याची गुठळी होते. नळी तिरपी असली, किंवा आंत फार पुढें आलेली असली, तर तिच्या बुडाभोंवतीं एक कोनाडा तयार होतो व त्यांत रक्त घुटमळत राहतें. तेथील गुठळी सुटून पंपांत अडकली तर पंप बंद पडूं शकतो. मेंदूंत गेली तर अर्धांगवायु. मग नळी आंखूडच कां ठेवूं नये? कारण भोंवतालचें मांस तिच्या तोंडावर येऊं शकतें. रोग्यास रक्त गोठूं न देणारें औषध द्यावेंच लागतें. परंतु तें औषध चुकलेल्या कोनाची भरपाई करील, असें आम्हांस वाटत नाहीं.

बाहेरच्या नळीची गोष्टहि कोनाचीच आहे. ती काटकोनांत शिवली तर रक्ताचा झोत समोरच्या भिंतीवर आदळतो. झोत हृदयाकडे वळला तर महारोहिणीच्या झडपेवर ताण पडतो. ती कालांतरानें गळूं लागली कीं सोडलेलें रक्त जवनिकेंत परत येतें, आणि पंप तेंच रक्त पुनःपुन्हा उपसतो. आंकडा मोठा दिसतो, शरीर मात्र उपाशी. पूर्वीच्या शस्त्रक्रियेमुळें छातीची पुढील वाट अवघड झाली असल्यास कधीं कधीं नळी उतरत्या महारोहिणीस जोडतात. मग रक्त उलट वर चढून मेंदूकडे जातें, आणि हृदयाची झडप उघडत नसल्यास महारोहिणीच्या मुळाशीं डबकें होतें.

नळीची लांबीहि मोजून घ्यावी लागते. फार लांब राहिल्यास ती मुडपते, तोकडी झाल्यास ताणली जाते. २०१८ सालीं हार्टमेट ३ या पंपाची बाहेरची नळी कांहीं रोग्यांत पिळली जाऊन प्रवाह अडल्याचें दिसून आलें. पुढें तिला पीळ बसूं नये म्हणून एक चाप देण्यांत आला.

शस्त्रक्रियागृहांतच ध्वनिलहरींच्या चित्रावर नळीची दिशा पाहतात. तथापि छाती उघडी असतांना जो कोन दिसतो तो छाती बंद केल्यावर तसाच राहील असें नाहीं. शिवाय भार हलका झाल्यावर फुगलेली जवनिका हळूहळू आकसते, व एके काळीं मोकळें असलेलें नळीचें तोंड भिंतीच्या जवळ येतें. अशा वेळीं पुन्हा चित्र घेऊन चाकाचे फेरे कमी करतात, म्हणजे ओढ सौम्य होऊन भिंत सुटते.